मांडीवर ठेवलेले हात

काका, परवा राहनाळला, आपल्याच आळीत हळद झाली. तुझ्या तेराव्यानंतरची बँडची पहिली हळद. ही सुपारी तू स्वतः घेतली होतीस, नवरदेवाच्या आजोबांच्या हातात हात देऊन, त्यामुळं ती मोडायची माझी हिंमत नव्हती. तिथं काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण ते सांगायचं तर आधी दापोड्याच्या हळदीबद्दल बोलावं लागेल, आणि त्याबद्दल तू असेपर्यंत आपण दोघं एक अक्षर बोललो नाही. आता तू उलट बोलणार नाहीस म्हणून मला धीर आलाय. हे काही चांगलं लक्षण नाही, मला कळतं.

चौकात तुझा बॅनर लागलाय. बाबांनी पांढऱ्या बुटातला फोटो निवडला, केस नुकतेच काळे केलेले, त्यामुळं तुला आवडला असता. नावाखाली मात्र 'कीबोर्डवादक' लिहिलंय. ते तुला चाललं नसतं. सगळं जग कीबोर्ड म्हणायचं आणि तू पियानो म्हणायचास. आपला क्लॅरोनेटवाला दामू चिडवायचा, "पियानोला पाय असतान, दादा." तू म्हणायचास, "पाय न्हाईत म्हनून मानूस मानूस नसतो काय?"

तुला ते शोभायचं, कारण तू खरा पियानो वाजवलेला माणूस होतास. मुंबईतल्या त्या हॉटेलात तू टेबलं पुसायला लागलास, आणि दुपारी हॉल रिकामा असताना तिथल्या म्हाताऱ्या गोवेकर पियानोवाल्यानं, आल्फ्रेडसाहेबानं, तुला शेजारी बसवून शिकवलं. तो थकल्यावर त्याच्या जागेवर तू बसलास, आणि चार जणांचा बँड तुझ्या हनुवटीच्या इशाऱ्यावर चालायला लागला. जॅझ. आपल्या घरात हा शब्द कुणाला धड म्हणता यायचा नाही. आजी 'झ्याज' म्हणायची, आणि ते दारूचं नाव असावं असा तिचा शेवटपर्यंत समज होता. तू सुट्टीवर आलास की ती आधी तुझ्या तोंडाला वास येतो का ते बघायची.

तिथनं तू परत का आलास, ती गोष्ट दर दिवाळीला व्हायची. मॅनेजर एके संध्याकाळी टेपरेकॉर्डर घेऊन आला, पियानोवर ठेवला आणि म्हणाला, बाकीच्यांना उद्यापासून सुट्टी, आता हे वाजेल. तू फक्त सूट घालून बस आणि बोटं हलव, पाहुण्यांना माणूस बसलेला बघायला आवडतो. तू पियानोचं झाकण लावलंस, सूट तिथंच खुंटीला अडकवलास आणि भिवंडीची एसटी धरलीस. "मी काय दुकानातला बाहुला हाय?" हे वाक्य आलं की तू दरवेळी उभा राहायचास, हातात करंजी असली तरी. आम्ही पोरं तुझ्याबरोबर ते वाक्य म्हणायचो. मला ती गोष्ट तोंडपाठ होती, काका. तरीही मी दापोड्याला जे केलं ते केलं.

गावात येऊन तू बँड काढलास. क्लॅरोनेटवर दामू, ड्रमवर अन्वरचाचा, जो दिवसा पॉवरलूमवर ड्युटी करायचा आणि संध्याकाळी तुझ्याकडं. बाकीचे बिगुलवाले येत-जात राहिले. गाणी हळदीचीच, सगळ्यांच्या ओळखीची. पण गाण्याच्या मध्यात तू हनुवटी वर करायचास आणि फेरा सुरू व्हायचा. फेरा म्हणजे आता गाणं बाजूला, ज्यानं त्यानं आपल्या मनातलं वाजवायचं, बाकीच्यांनी त्याला धरून राहायचं. आधी दामू, मग बिगुल, सगळ्यात शेवटी तू. आणि तुझा फेरा गप्प बसण्यानं सुरू व्हायचा. दोन्ही हात मांडीवर. फक्त अन्वरचाचाचा ड्रम, तोही अगदी हलका. नाचणारे बावचळून थांबायचे, लाइट गेली काय म्हणून वर बघायचे. मग तू एकच सूर टाकायचास, आणि सगळा मंडप परत हलायचा.

"आदी ऐकाचा, मंग बोलाचा," तू म्हणायचास. ते आल्फ्रेडसाहेबानं शिकवलं होतं म्हणे.

यावरून तुझं-माझं भांडण बँडच्या सुपाऱ्या मी बघायला लागले तेव्हापासूनचं. मी दापोड्याला गोडाउनमध्ये डिस्पॅच सांभाळते. माल कुठून निघाला, कुठं पोचला, वेळेत पोचला का, एवढं मला कळतं. मी तुला सांगायचे, "काका, लोक नाचायला बोलावतात. तुझं गप्प बसणं बघायला नाही."

"मंग सांग त्यांना. गप बसन्याचा पैसा मी लावत न्हाय."

"डीजेवाले थांबतात का मध्येच?"

"डीजेवाल्याला दम लागत न्हाय, म्यानेजर. मना लागतो."

म्यानेजर हे नाव तूच पाडलंस. कौतुकानं का टोमण्यानं, ते विचारायचं राहून गेलं.

दुसरं भांडण तुझं आणि यमूबायचं. ती आपल्या गावची धवलारीण, नवरदेवाला हळद लावताना धवल्याची गाणी म्हणणारी, तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी. बँड सुरू झाला की तिचं गाणं बुडायचं. ती मंडपातून ओरडायची, "तुज्या भोंग्यानं माजा धवला गिळला रं. देवाला ऐकाला जात न्हाय." तू म्हणायचास, "देव बहिरा झाला त्याला मी काय करू, यमूबाय?" मग ती हळदीचा हात तुझ्या पांढऱ्या बुटांना पुसून जायची. तू ते बूट घरी आल्यावर स्वतः घासायचास आणि तिला शिव्या द्यायचास, पण तिचं ताट वाढल्याशिवाय तू कुठल्याही हळदीत जेवायला बसला नाहीस, हे मी पाहिलेलं आहे.

माझा बीकॉमचा निकाल लागला तो दिवस तुला आठवतो का? आपल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आजही तोऱ्यात सांगते, आणि तो तोरा मी तुझ्याकडूनच उचललाय. मी रिक्षातून नाक्यावर उतरले, तर तू अख्खा बँड उभा केला होतास, युनिफॉर्मसकट. नाक्यापासून घरापर्यंत वाजवत नेलंस मला. बायका दारात आल्या. कुणीतरी विचारलं, "वरात कोनाची? नवरा कुठं हाय?" तू वाजवता वाजवता म्हणालास, "नवरा न्हाय, डिग्री हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी दुपट्टा तोंडावर घेऊन भराभर चालायला लागले, आणि कीबोर्ड टेम्पोवर होता म्हणून तुम्हाला टेम्पो माझ्यामागं पळवायला लागला. घरी आल्यावर मी तुला म्हटलं, "लाज आणलीस." तू हसलास. आता वाटतं की हळू चालायला हवं होतं. रस्ता होताच केवढासा.

मग गेल्या वर्षी तुला लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पाय सुधारला, उजव्या हाताची दोन बोटं मात्र मागं राहिली. राहिली म्हणजे हलायची, पण उशिरा. मी तुला दर रविवारी अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन जायचे. तू पायरीवर बसून हात पाण्यात सोडायचास आणि पाण्याखाली बोटं चालवायचास. शेजारी अंघोळ करणारे बघत राहायचे. "काय करतांव बाबा?" एकानं विचारलं. तू म्हणालास, "वाजवतंय. तुला ऐकाला येत न्हाय, पान्याचा दोष हाय." तिथं आपण दोघं जेवढं हसलो तेवढं परत कधी हसलो नाही. ते रविवार तू मला दिलेस, याचं ऋण मोठं आहे. आणि त्याच रविवारी परत येताना गाडीत माझ्या फोनवर लोकांचे निरोप यायचे. मॅडम, म्हातारा चुकतो आता. मॅडम, पुढच्या वेळी दुसरा कुणी बघा.

दुसरा कुणी बघायचं माझ्या मनात आलं नाही, हे खरं आहे. तुला घरी बसवायचं नव्हतं, हेही खरं. पण सुपाऱ्या जाऊ द्यायच्या नव्हत्या, हेसुद्धा तितकंच खरं आहे. झटक्याच्या आधी एका पोराच्या स्टुडिओत तुझी सगळी गाणी आपण रेकॉर्ड केली होती, नुसता पियानो, आठवण म्हणून. ती मी पेनड्राइव्हवर घेतली. साउंडवाल्याला सांगितलं, काकांच्या कीबोर्डचा आवाज पूर्ण खाली, ह्याचा वर. अन्वरचाचाला सांगावंच लागलं, कारण ताल त्याला त्या आवाजाशी जुळवायचा होता. त्यानं ड्रमच्या काठ्या गुंडाळून ठेवल्या. मग म्हणाला, "तू पढ़ी-लिखी है बेटा, तू जाने." दामूला सांगितलं की आता फेरे नकोत, लोकांना घाई असते. तुलाही तेच सांगितलं. तू कुरकुरलास, पण मानलंस.

मी स्वतःची समजूत घातली होती. आवाज तुझाच आहे. हात तुझेच होते. मी कुणा परक्याचं तर लावलं नाही.

पहिल्या हळदीनंतर टेम्पोत बसताना तू माझा हात धरलास. तुझा तळवा घामेजलेला होता. "बोटं आली गो माजी परत," तू म्हणालास. "आयकलास ना? अकलोलीचा पानी पावला."

काका, तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाच. मी म्हटलं, "हो, छान झालं." आणि पुढच्या हळदीला पेनड्राइव्ह परत पर्समध्ये टाकला. तू नवीन बूट घेतलेस. आरशात बघून शीळ घालायला लागलास. आईला म्हणालास, यंदा नवरात्रात मोठा कार्यक्रम करू. जितका तू खुश, तितकं मला सांगणं अवघड होत गेलं.

मग दापोडं. दिवेलागणीची वेळ, मंडप भरलेला, मी मिक्सरजवळ साउंडवाल्याच्या शेजारी. तू रंगात होतास. बोटं परत आल्यावर माणूस किती दिवस फेरा सोडून राहील? गाण्याच्या मध्यात तू हनुवटी वर केलीस. दामूनं दचकून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं, पण तू थांबला नाहीस, तू दामूचा फेराच गाळलास आणि सरळ स्वतःचा घेतलास. हात उचललेस आणि मांडीवर ठेवलेस.

आणि पियानो वाजत राहिला.

मंडपात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. नाचत होते सगळे. तू आधी तुझ्या हातांकडं बघितलंस. मग स्पीकरकडं. मग माझ्याकडं. मला तुझा राग दिसला असता तर बरं झालं असतं. तू जसा चुकलेल्या दामूकडं बघायचास, चालू दे, चालू दे असं, तसं बघितलंस. मग हात परत पट्ट्यांवर ठेवलेस आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बोटं हलवत राहिलास. नीट, तालात, न वाजणाऱ्या पियानोवर.

टेम्पोत तू पुढं ड्रायव्हरशेजारी बसलास. नाका आल्यावर मान न वळवता म्हणालास, "आज आवाज बरा व्हता."

मी म्हटलं, "हो."

एवढंच. त्यानंतर प्रत्येक सुपारीला तुझी बोटं दुखायला लागली. अकलोलीला यायलाही तू नाही म्हणालास. आईनं विचारलं, काय बिनसलं दोघांचं, तेव्हा तू म्हणालास, "काय न्हाय, म्यानेजरला काम ज्यास्ती हाय." मी रोज ठरवायचे की आज बोलू, आणि रोज ड्युटीवरून आल्यावर तुझ्या खोलीच्या दारातूनच जेवलास का विचारायचे. तू हो म्हणायचास. गेलास त्या सकाळीही मी दारातूनच विचारून गेले होते. दुपारी गोडाउनला बाबांचा फोन आला.

एक प्रश्न मला तेव्हापासून खात होता. हॉटेलात मॅनेजरनं नुसतं सुचवलं, तर तू झाकण लावून निघून आलास. मी तर तुला फसवून बाहुला केलं, भरल्या मंडपात. मग दापोड्याला तू का उठला नाहीस?

परवा हळदीच्या आधी, ड्रम लावताना, मी अन्वरचाचाला हे विचारलं. त्यानं वर बघितलं नाही. म्हणाला, "वो उठ जाते, तो सब पूछते क्या हुआ. फिर सब लोग तेरी तरफ देखते." स्क्रू आवळत राहिला. "तेरे वास्ते बैठे रहे. और क्या."

काका, तू माझ्यासाठी बाहुला झालास. डिग्रीच्या वरातीत मी तुझ्यापासून पळाले होते, आणि तू भरल्या मंडपात माझी लाज राखत बसून राहिलास.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा आले. त्यांनी तुझा कीबोर्ड मधोमध मांडून घेतला होता, त्यावर तुझा फोटो, झेंडूचा हार. प्रेमानंच केलं होतं सगळं. मला म्हणाले, "मॅडम, दादांचा आवाज हाय ना तुमच्याकडं? दापोड्याला लावला व्हता म्हनतान तो? तोच लावा. म्हातारा हितंच हाय असा वाटंल."

म्हणजे लोकांना माहीत होतं. साउंडवाला बोलला असणार. पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता, तू गेल्यापासून तो बाहेर काढायला माझा हात धजला नव्हता. दामू माझ्याकडं बघत होता. अन्वरचाचा बघत नव्हता.

मी म्हटलं, "नाही लावणार, मामा. तो मी त्यांना न विचारता लावला होता. त्यांना कळलं तेव्हा वाईट वाटलं. परत नाही."

मामा गडबडले. "पन मंग पियानोचा काय?"

"पियानो नाही."

दामूनं हळूच विचारलं, "आनि फेरा?"

"घ्या ना," मी म्हटलं. "सगळ्यांचे घ्या. काकांच्या फेऱ्याला नुसतं थांबा."

साउंडवाल्याला मी जेवायला पाठवलं आणि मिक्सरवर स्वतः बसले. दामूनं सुरुवात केली. गाणं रंगलं, लोक नाचले. मध्यात हनुवटी वर करणारं कुणी नव्हतं, तर अन्वरचाचानं काठी वर केली. दामूनं त्याचा फेरा घेतला, किती दिवसांनी, रडवेला झाला होता पण चुकला नाही. मग बिगुल. मग तुझा.

सगळं थांबलं. फक्त ड्रम, अगदी हलका. नाचणारे थबकले. मागून कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं, "लाइट गेली काय?" ते ऐकून मला बरं वाटलं. पण सूर पडायची वेळ झाली, टळली, तरी काही पडलं नाही. लोक फोटोकडं बघायला लागले, मग माझ्याकडं. इतकी शांतता हळदीत नसते. मामांनी हातानं खूण केली, चालू करा काहीतरी. मिक्सरवर माझी बोटं होती. पर्स पायाशी होती. अर्ध्या मिनिटाचं काम.

तेव्हा मंडपाच्या आतून, चौरंगापासून, यमूबायचा आवाज आला. माइक नाही, काही नाही. थरथरता, चिरका, तिचा धवला. इतकी वर्षं तुझ्या बँडखाली बुडालेलं ते गाणं मी पहिल्यांदा धड ऐकलं. तिनं नवरदेवाचं नाव घेतलं, त्याच्या आईबापाचं घेतलं, कुळातल्या देवांची नावं घेतली, आणि मध्येच, त्याच चालीत, तुझं नाव घेतलं. बायकांनी मागून तिची ओळ ओढून धरली. दामूनं क्लॅरोनेट ओठांना लावलं आणि तिच्या आवाजाच्या खाली, अगदी खाली, तिच्यामागं चालायला लागला. आधी ऐकून, मग.

तिचा आवाज बारीक होता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नसणार. समोर माइक होता, तो तिच्याकडं द्यावा, आवाज वर करावा, निदान दामूचा थोडा खाली घ्यावा, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

मी मिक्सरवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले.